शरदातील आवराआवर

पितृपंधरवडा सरत आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत दरवर्षी एक लेख नव्या चित्रांसह ठरल्याप्रमाणे प्रसिद्ध होतो. घरातील निरुपयोगी वस्तू काढून टाका, कपाटे मोकळी करा, मन आपोआप मोकळे होईल आणि सणासुदीचे दिवस कुटुंबासमवेत आनंदात जातील, असा त्याचा मथितार्थ असतो. ह्या लेखांच्या पाठीशी एक मोठे, जगभर खपलेले वाङ्मय उभे आहे. पुस्तकांतून, दूरचित्रवाणीवरून आणि भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून ते आता लहानसहान गावांतील घरांतही पोहोचले आहे. साहित्याचे टीकाकार पाकशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे त्याच्याकडेही दुर्लक्ष करतात. परंतु जे वाङ्मय वाचून माणूस उठतो आणि आपल्या फडताळाला हात घालतो, त्याचा परिणाम पुष्कळ कादंबऱ्यांच्या परिणामाहून अधिक असतो. म्हणून त्याची परीक्षा गांभीर्याने व्हावी असे आम्हांस वाटते.

ह्या वाङ्मयाचा आजचा आधारग्रंथ म्हणजे मारी कोंडो ह्या जपानी लेखिकेचे घर आवरण्याविषयीचे पुस्तक. ते २०१० च्या अखेरीस जपानीत निघाले, २०१४ साली इंग्रजीत आले, आणि २०१९ च्या पहिल्याच दिवशी त्यावर आधारलेली मालिका नेटफ्लिक्सवर दाखल झाली. पद्धत सोपी आहे. खोलीवार आवरू नये, वस्तूंच्या प्रकारानुसार आवरावे. प्रथम कपडे, मग पुस्तके, मग कागद, मग किरकोळ जिन्नस आणि सर्वांत शेवटी आठवणींच्या वस्तू. एका प्रकारच्या सर्व वस्तू एकत्र मांडाव्यात, प्रत्येक हातात घ्यावी, आणि हिने आपल्याला आनंद होतो काय असा प्रश्न स्वतःस विचारावा. होत असेल तर ठेवावी. होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा.

ह्या पुस्तकाचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. टाकावयाच्या वस्तूचे आभार मानण्याची कल्पना कोणी हसण्यावारी नेईल. पण खंडेनवमीला विळी, कोयता, नांगर आणि लेखणी ह्यांना हळदकुंकू वाहणाऱ्या समाजाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. लेखिकेने तरुणपणी काही वर्षे शिंतो देवळात सेवा केली होती, आणि वस्तूविषयीचा तिचा आदर त्या संस्काराला धरून आहे. आठवणींच्या वस्तू शेवटी घ्याव्यात, हा तिचा सल्लाही मनुष्यस्वभाव ओळखणारा आहे. जो माणूस पत्रांच्या गठ्ठ्यापासून आवरू लागतो तो संध्याकाळपर्यंत पत्रेच वाचीत बसतो. आणखी एक गोष्ट तिच्या बाजूने नोंदविली पाहिजे. दुसऱ्याच्या वस्तू त्याला न विचारता टाकू नयेत, असे तिने स्पष्ट लिहिले आहे. ह्या पुस्तकावरून बेतलेल्या पुरवणी-लेखांत नेमके तेवढेच वाक्य गळून पडते, हा दोष मूळ लेखिकेचा नव्हे.

तरीही ह्या वाङ्मयात एक गृहीत आहे, आणि आमचा वाद त्या गृहीताशी आहे. घर म्हणजे एका व्यक्तीची निवड, ते जितके रिकामे तितके सुखाचे, आणि ऋतू म्हणजे आवरण्याचे निमित्त मात्र, असे ते गृहीत होय. आम्ही हे बोथहून लिहीत आहोत. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील ह्या मंडलाच्या गावी मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी आणि उर्दू ह्या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. येथील शरदाकडे पाहिले म्हणजे हे गृहीत किती तोकडे आहे ते कळते.

प्रथम ऋतूचा विचार करू. युरोपात घर झाडण्याची मुख्य वेळ वसंत ऋतूत येते. थंडीत बंद ठेवलेली दारे-खिडक्या उघडतात, शेकोटीची काजळी पुसली जाते. आमच्याकडे ती वेळ आश्विनात येते, कारण आमचे घर थंडीने बंद होत नाही, पावसाने होते. चार महिन्यांच्या ओलीने भिंतींना पोपडे येतात, धान्यात किडे होतात, पेटीतील कपड्यांना बुरशीचा वास येतो, वळचणीला जाळी धरतात. भाद्रपद संपता संपता ऊन कडक होते आणि ह्या उन्हाचा उपयोग करून घेणे हीच शरदातील आवराआवर. वाकळी आणि गाद्या अंगणात पडतात, डाळी पुन्हा वाळविल्या जातात, भांडी चिंचेने उजळली जातात. आयुर्वेदाच्या आचार्यांनी तर ह्या ऋतूतील पाण्यालाही स्वतंत्र नाव दिले. दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्तीच्या उदयाने निर्दोष झालेले ते हंसोदक. बोथच्या जवळ पोचेऱ्याचा धबधबा आहे. श्रावणात तेथे जे लालसर गढूळ पाणी कोसळते तेच ह्या दिवसांत निवळून खडकावरून येते. निसर्गच जेथे निवळू लागतो तेथे माणसाने हाती केरसुणी घ्यावी, हे ओघानेच येते.

परंतु ही सफाई घर रिकामे करण्यासाठी नसते. येथे शरदात घर भरते. ह्या जिल्ह्याची काळी जमीन कापसाची आहे. दसरा-दिवाळीच्या दरम्यान पहिली वेचणी सुरू होते, आणि वेचलेला कापूस शेतातून थेट बाजारात जातोच असे नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत पूर्ण आधारभूत भाव आठ टक्के ओलाव्याला मिळतो. ओलावा बारा टक्क्यांपर्यंत चढला तर भाव कापला जातो, आणि त्याहून अधिक असला तर माल नाकारला जातो. तेव्हा शेतकरी कापूस घरी आणतो, अंगणात पसरतो, रात्री दवापासून वाचविण्यासाठी पुन्हा आत घेतो, आणि भाव येईपर्यंत ओसरीत नाहीतर माजघरात रचून ठेवतो. कित्येक घरांत दिवाळीच्या दिवशी लक्ष्मीची पूजा मांडलेली असते आणि तिच्या मागे छतापर्यंत कापूस असतो. त्याने अंगाला खाज सुटते, मुलांना खोकला येतो, आणि पणती लावताना घरातील म्हातारी दहादा बजावते. हे सुखाचे चित्र आहे असा आमचा दावा नाही. परंतु ज्या कुटुंबाचे वर्षाचे भवितव्य माजघरात रचलेले आहे त्याला रिकाम्या खोलीतील शांतीचे माहात्म्य सांगणे अप्रस्तुत होय. ह्या घरात आश्विनात जळमटे काढतात ती येणाऱ्यासाठी जागा करण्याकरिता. पीक येणार असते, माहेरवाशीण येणार असते, घट बसणार असतात.

येणाऱ्यांत पाहुणेही आले. दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या गोंड वस्त्यांत दंडारी सुरू होते. मोरपिसांचे भव्य मुकुट घातलेले गुस्साडी नर्तक आणि त्यांचे साथीदार एका गावाहून दुसऱ्या गावी जातात, आणि यजमान गाव त्यांचे आदरातिथ्य करते. ह्या नृत्याचे थोर कलावंत, मार्लवाईचे कनक राजू, ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ते निवर्तले. गुस्साडीचा मुकुट वर्षातील थोडेच दिवस डोक्यावर चढतो. एरवी तो जपून ठेवावयाचा असतो. गेल्या वर्षभरात जी वस्तू वापरली नाही ती टाका, असा जो दुसरा एक नियम पुरवण्यांतून सांगितला जातो, तो ह्या मुकुटाला लावून पाहावा. वर्षात एकदाच लागणाऱ्या वस्तूंवर पुष्कळ संस्कृती उभी असते.

दुसरा मुद्दा विल्हेवाटीचा. नव्या वाङ्मयाला दोनच टोपल्या ठाऊक आहेत, ठेवावयाची आणि टाकावयाची. आमच्या घरात तिसरी टोपली होती, आणि खरे काम तिच्यातूनच होत असे. जुने लुगडे टाकले जात नसे. त्याची वाकळ शिवली जाई. वाकळ विरली की तिचा तुकडा पायपुसण्याला लागे. आणि अगदी शेवटी उरे ते पोतेरे. तांब्यापितळेची फुटकी भांडी मोडीत घालून त्यांच्या वजनावर नवी घेतली जात. बोहारणीला जुने कपडे देऊन स्टीलचे पातेले घेण्याचा व्यवहार तर महाराष्ट्रातील शहरांनी अलीकडेपर्यंत पाहिला आहे, आणि त्या घासाघिशीत जी करमणूक होई तीही घरच्या आनंदाचाच भाग होती. येथे वस्तू निरोप घेत नसे, रूप पालटीत असे. आजीच्या लुगड्याच्या वाकळीत नातू झोपतो तेव्हा आठवणीची वस्तू ठेवावी की टाकावी हा प्रश्नच उद्भवत नाही. आज वापरात असलेल्या पुष्कळ वस्तू प्लास्टिकच्या असल्याने त्यांना रूप पालटता येत नाही, हे खरे. परंतु मग दोष आवरण्याच्या पद्धतीत शोधण्याऐवजी खरेदीच्या पद्धतीत शोधावा लागेल, आणि पुरवणीच्या त्याच पानावर दिवाळीच्या खरेदीच्या जाहिराती असल्याने तो शोध तेथे घेतला जात नाही.

तिसरा मुद्दा कागदांचा, आणि येथे आम्हांला व्यवसायाने बोलणे भाग आहे. कागदांच्या बाबतीत कोंडोबाईंचे मूळ तत्त्व सगळे टाकून द्यावेत असे आहे. चालू वापराचे, काही काळ लागणारे आणि कायमचे जपावयाचे, एवढे अपवाद त्या करतात. जेथे सरकारी दप्तर विश्वासाने चालते तेथे हे तत्त्व चालेल. ज्या प्रदेशाचे दप्तर तीन राजवटींतून आणि तितक्याच भाषांतून गेले आहे तेथे ते जपून वापरले पाहिजे. बोथ हा निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने किनवट व राजुरा हे आदिलाबादचे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि त्याच कायद्यात बोथ तालुक्याचे इस्लापूर सर्कल तेवढे वेगळे काढून मुंबईकडे दिले. उरलेला बोथ आंध्र प्रदेशात राहिला, आणि २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. म्हणजे विधिमंडळांनी ह्या तालुक्याची आवराआवर वारंवार केली. आणि प्रत्येक वेळी कोणाचे तरी शेत एका राज्यात, दप्तर दुसऱ्या राज्यात आणि सोयरे तिसऱ्या जिल्ह्यात अशी स्थिती झाली.

अशा ठिकाणी माळ्यावरची पत्र्याची पेटी ही अडगळ नव्हे. तेलंगणात जमिनीच्या वादात १९५४-५५ च्या खासरा पहाणीला फार वजन आहे. २०२० साली धरणी नावाच्या संगणकीय व्यवस्थेत जमिनीच्या नोंदी आल्या. त्यांतील चुकांविषयी इतक्या तक्रारी झाल्या की २०२५ साली भूभारती कायदा करून ती व्यवस्था बदलावी लागली. चूक दाखवावयाची तर हाती जुना कागद लागतो. सीमेपलीकडे मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली गेली. त्या मागणीच्या बऱ्यावाईटाविषयी येथे मत देण्याचे प्रयोजन नाही. पण निजामकाळातील उर्दू व मोडी कागद, जे पुष्कळांनी रद्दीत घालावयाचे ठरविले असतील, ते एका वर्षात अनमोल कसे ठरतात, हे त्या वेळी सर्वांनी पाहिले.

पुराव्याच्या कायद्यात एक सुंदर तत्त्व आहे. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून न्यायालयात आला तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे आहे असे न्यायाधीशास गृहीत धरता येते. १८७२ च्या कायद्यात हे कलम ९० होते. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ९२ आहे. योग्य ताबा म्हणजे तो कागद जेथे असणे स्वाभाविक आहे ते ठिकाण आणि ज्याच्याजवळ असणे स्वाभाविक आहे ते माणूस. कागद किती नीट लावला होता हे कायदा विचारीत नाही; तो आपल्या घरी होता काय, एवढेच विचारतो. घरात वस्तू असण्याच्या अधिकाराविषयी ह्याहून समंजस व्याख्या आम्हांला नव्या वाङ्मयात आढळली नाही. आणि ज्यांच्या घरी कागदच नव्हते अशा वनवासी कुटुंबांसाठी २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही पुराव्यात मोजले आहे. तेथे म्हातारा माणूस हीच घराची पेटी होय.

चौथा मुद्दा ह्याहून नाजूक आहे. आनंद होतो काय हा प्रश्न ठीक, पण कोणाला? एका खोलीत एकटा राहणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारला तर उत्तर देणारा तोच असतो. एकत्र कुटुंबात एकाच पितळी घंगाळाविषयी सासूचे, सुनेचे, नणंदेचे आणि धाकट्या दिराचे उत्तर वेगळे असते. आणि भांडी ही केवळ भांडी नसतात. आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. देणाराचे नाव, घेणारीचे नाव, नाते आणि साल. संसार विसकटला आणि प्रकरण न्यायालयात गेले की बाईजवळ पावत्या नसतात, याद्या नसतात. पुष्कळदा तिच्या बाजूने बोलणारी वस्तू म्हणजे आत्याने किंवा मामाने दिलेला तो नाव घातलेला हंडा असतो. दसऱ्याच्या सफाईत असा हंडा मोडीत गेला तर घर थोडे मोकळे होते हे खरे, पण एका स्त्रीच्या मालकीची खूणही त्याबरोबर वितळते.

सासरी ठेवलेले स्त्रीधन स्त्रीचेच राहते, पती व सासरचे लोक त्याचे केवळ राखणदार होत, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी वि. सूरज कुमार ह्या १९८५ च्या निकालात सांगितले. तेलंगणातून गेलेल्या एका प्रकरणात २०२४ साली त्याच न्यायालयाने असेही म्हटले की, मुलीने अधिकार दिल्यावाचून तिचे स्त्रीधन सासरकडून परत मागण्याचा हक्क बापालाही नाही. गोव्यातील वाचकांना ही चर्चा काहीशी वेगळी वाटेल. पोर्तुगीज काळापासून तेथे चालत आलेल्या कुटुंबकायद्यानुसार, विवाहापूर्वी निराळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मिळकत सामान्यतः समाईक धरली जाते, आणि मृत्यूनंतर तिची यादी करून वाटणी करण्याची रीतसर कार्यवाही असते. घरातील वस्तू कोणाची, ह्या प्रश्नाला तेथे निदान आरंभी एक उत्तर असते. इतरत्र ते उत्तर हंड्यावर कोरलेले असते. तेव्हा आवरण्यापूर्वी आनंदाचा प्रश्न विचारण्याच्या आधी मालकीचा प्रश्न विचारावा, ही आमची पहिली सूचना. तो रुक्ष वाटला तरी त्याने अनेक घरांतील भांडणे टळतील.

पाचवा मुद्दा श्रमाचा. ह्या वाङ्मयातील घर नेहमी आवरून झालेले असते. आवरणारे हात छायाचित्रात क्वचितच दिसतात. आमच्याकडे नवरात्रापूर्वीची सफाई म्हणजे माळ्यावर चढणारी, चुन्याने हात पोळून घेणारी, चार घागरी पाणी जास्त भरणारी बाई. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत, घरच्या बिनमोबदला कामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटे, असे आढळले. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. कीर्ती वि. ओरिएंटल इन्शुरन्स ह्या जानेवारी २०२१ च्या निकालात, अपघातात गेलेल्या एका दांपत्याची नुकसानभरपाई ठरविताना, न्यायमूर्ती रमणा ह्यांनी ह्या २०१९ च्या आकड्यांचा आधार घेऊन गृहिणीच्या कामाला मोल आहे असे प्रतिपादन केले. न्यायालयाला हे मोल बाई मरण पावल्यावर ठरवावे लागते, ही गोष्ट आम्हांस बेचैन करते. ती हयात असता दसऱ्याच्या आठवड्यात ते घरातल्या घरात ठरविता आले असते.

स्वच्छतेच्या तत्त्वज्ञानाने घर कसे गांजते, ह्याचे चित्र मराठीत पूर्वीच लिहिले गेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या आरंभी त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन येते. त्या सोवळ्याने घरातील बायकामुलांना किती छळले हे लक्ष्मीबाई हसतखेळत सांगतात, पण त्या हसण्याखाली केवढे कष्ट आहेत हे जाणत्या वाचकास कळते. पुढे त्यांचा स्वतःचा संसार अनेकदा मांडला गेला आणि अनेकदा मोडला गेला. वस्तू आल्या, गेल्या, वाटल्या गेल्या. त्या पुस्तकातील घर नीटनेटके नाही, तरीही मराठीत त्याहून जिवंत घर आम्हांला दाखविता येणार नाही. आणि गंमत अशी की, स्वतः कोंडोबाईंनीही २०२३ च्या आरंभी सांगितले की तिसऱ्या अपत्यानंतर घर नीट ठेवण्याचा नाद आपण बराचसा सोडला आहे आणि मुलांबरोबर वेळ घालविणे पसंत केले आहे. त्यांच्यावर त्या वेळी पुष्कळ विनोद झाले. आमच्या मते ते त्यांच्या पुस्तकाचे सर्वांत प्रामाणिक परिशिष्ट आहे.

एवढे सांगितल्यावर आपल्याही घराचे दोष झाकता कामा नयेत. लागेल कधीतरी, ह्या दोन शब्दांखाली आम्ही जे साठवितो त्यातील बरेच कधीच लागत नाही. पाहुण्यांकरिता राखलेला कपबशांचा संच घरच्यांच्या ओठाला वर्षानुवर्षे लागत नाही. बंद पडलेले पंखे, लग्नांत आलेली आणि पुढच्या लग्नात देण्यासाठी ठेवलेली भेटवस्तू, मुदत संपलेली औषधे, ह्यांचे समर्थन कोणत्याही परंपरेच्या आधारे करता येणार नाही. स्वीडनमधील मार्गारेटा मॅग्नुसन ह्यांनी २०१७ साली, आपल्या ऐंशीच्या घरात, मृत्यूपूर्वीच्या आवराआवरीवर एक लहानसे पुस्तक लिहिले. आपल्या पश्चात मुलांवर ओझे पडू नये म्हणून आपणच आपल्या वस्तू मार्गी लावाव्यात, असे त्या सांगतात. हे पुस्तक आम्हांला कोंडोबाईंच्या पुस्तकाहून आपल्या वृत्तीच्या अधिक जवळचे वाटते, कारण त्यात आवरणारा स्वतःच्या आनंदापुरते पाहत नाही. वाटणीचे दावे पाहिलेला कोणीही वकील त्याला दुजोरा देईल. बापाने हयातीत कोणती वस्तू कोणाची हे सांगितले असते तर पुष्कळ भावंडे आज एकमेकांशी बोलत असती.

सोडून देण्याची कला आम्हांला येत नाही असेही नाही. बोथच्या गल्ल्यांतून भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्मा मांडली जाते. तरवडाची पिवळी आणि कुरडूची पांढरी-गुलाबी फुले रानातून आणावयाची, थरावर थर रचून त्यांचा डोलारा उभारावयाचा, त्याभोवती गाणी म्हणावयाची आणि मग तो पाण्यात सोडून द्यावयाचा. शेजारच्या मराठी घरांत त्याच दिवसांत भुलाबाई बसलेली असते, आणि डब्यात झाकलेली खिरापत मुलींनी हलवून, आवाजावरून ओळखावयाची असते. गोव्यात मुले कित्येक दिवस खपून गवताचा-कागदाचा नरकासुर करतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळून टाकतात. दिवाळीच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालविण्याचा विधी धर्मग्रंथांनी सांगितला आहे. पण त्याच पूजेत केरसुणीला लक्ष्मी मानून हळदकुंकू लावले जाते. बाहेर घालवावयाचे काय आणि ज्याने घालविले त्या साधनाचा मान राखावयाचा कसा, हे दोन्ही एका रात्रीत शिकविणारी ही रीत आहे. ह्या साऱ्यांत आनंद आहे, आणि तो मोकळ्या कपाटात सापडलेला नाही. अनेकांनी मिळून काही केले, काही वेळ जपले आणि मग सोडून दिले, ह्यात तो आहे.

तेव्हा ह्या वाङ्मयाविषयी आमचा निर्णय असा. घरात एकट्याचे राज्य असेल आणि वस्तू गरजेपेक्षा जास्त विकत घेतल्या गेल्या असतील, तर कोंडोबाईंचे पुस्तक उपकारक आहे. जेथे घर अनेकांचे आहे, जेथे पीक आणि कागद घरातच सांभाळावे लागतात, तेथे ते अपुरे आहे; आणि जेथे त्याचा उपयोग घरातील बाईच्या पाठीवर आणखी एक कर्तव्य लादण्यासाठी होतो तेथे ते अपायकारक आहे. मराठीत दुर्गा भागवतांनी 'ऋतुचक्र' लिहून रानातील महिने डोळस केले. १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी बोथचा तालुका कायद्याने कापला गेला त्याच वर्षी, ते पुस्तक निघाले. घरातील महिन्यांविषयी तसे डोळस लिहिणारे, माळ्यावरची पेटी, हंड्यावरचे नाव आणि माजघरातला कापूस ओळखणारे लेखन आम्हांला हवे आहे. पुरवण्यांनी उसना सल्ला छापण्याऐवजी अशा लेखकांना, विशेषतः लेखिकांना, जागा द्यावी.

तोपर्यंत यंदाच्या आश्विनात एवढे तरी करता येईल. पेटी उघडावी, कागद उन्हात धरावेत, वाचता येत नसतील तर उर्दू किंवा मोडी जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावेत आणि पुन्हा पेटीतच ठेवावेत. भांड्यांवरची नावे मुलांना मोठ्याने वाचावयास सांगावीत. कोणती आत्या, कोणते साल, हे आजी सांगेल. पाहुण्यांच्या कपबशा काढून कोजागरीचे दूध घरच्यांनी त्यांतूनच प्यावे. आणि माळ्यावर चढण्याचे काम ह्या खेपेस घरातील पुरुषांनी करावे.